बाजाराचा आजचा रोख : शेअर आणि सोन्याच्या शेअरांचं रोजचं पान कसं लिहावं

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार. माझ्या वहीतल्या त्या दिवशीच्या पानावर सोन्याबद्दल एकच ओळ होती : "१५२५ ला भक्कम आधार." ओळ खोटी नव्हती. सप्टेंबर २०११ च्या शिखरानंतर सोनं तीनदा औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) १५२५ डॉलरच्या आसपास येऊन परतलं होतं आणि जवळजवळ प्रत्येक ट्रेडरच्या चार्टवर ती रेघ मारलेली होती. त्या शुक्रवारी ती तुटली. सोमवारी सोनं एका दिवसात नऊ टक्क्यांच्या आसपास कोसळलं, दोन सत्रांत मिळून जवळपास तेरा टक्के. माझ्याकडे सोन्याच्या खाण कंपन्यांचे शेअर होते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. रेघ तुटली तर काय करायचं, हे त्यावर कुठेच नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पातळी लिहिली की तिच्या शेजारी "तुटली तर" हे दोन शब्द लिहायचे आणि पुढचं वाक्य पूर्ण केल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. बाजार कुठे जाईल ते रोज सकाळी छातीठोकपणे सांगणं म्हणजे आढावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते आढावा म्हणजे बाजार उघडायच्या आधी, डोकं शांत असताना घेऊन ठेवलेले निर्णय. ते कसे घ्यायचे, कोणत्या आकड्यांवरून घ्यायचे आणि शेअर निर्देशांक व सोन्याचे शेअर एकाच पानावर का हवेत, ते इथे टप्प्याटप्प्यानं सांगतो. मोठ्या खाण कंपन्यांच्या शेअरांची सगळ्यात जास्त उलाढाल न्यूयॉर्कला होते, म्हणून उदाहरणं आणि वेळा तिथल्याच घेतल्या आहेत.

पहिला टप्पा : हातातली वस्तू ओळखा

सोन्याचा शेअर आणि सोनं यांत गल्लत करू नका. शेअर हा धंद्याचा तुकडा आहे. डोंगर फोडायचा, दगड दळायचा, टनामागे काही ग्रॅम सोनं वेगळं करायचं आणि बाजारात जो भाव असेल त्याला विकायचं. विक्रीचा भाव कंपनीच्या हातात नसतो आणि खर्च मात्र चुकत नाही. खाण चालवणं, यंत्रं बदलणं, कार्यालय, सगळं धरून एका औंसामागे जो खर्च येतो त्याला "ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट" म्हणतात. हे माप वर्ल्ड गोल्ड कौन्सिलनं जून २०१३ मध्ये आणलं आणि आता बहुतेक मोठ्या कंपन्या तिमाही निकालात तो आकडा देतात.

एकदा हिशेब हातानं करून बघा. सोनं २००० डॉलर आणि खर्च १४०० डॉलर असेल तर औंसामागे ६०० डॉलर सुटतात. सोनं दहा टक्क्यांनी वाढून २२०० झालं की सुटणारी रक्कम ८०० होते. भाव दहा टक्के वाढला, कमाई तेहतीस टक्के. उलट सोनं १८०० वर आलं तर हातात ४०० उरतात, म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त घट. सोनं थोडं हललं की खाणीचा शेअर जास्त हलतो, तो यामुळे. खर्च भावाच्या जितका जवळ, तितकी ही ओढ जास्त. म्हणून सोनं स्वस्त असताना महागड्या खाणी असलेल्या कंपन्या वेड्यासारख्या वरखाली होतात.

दीर्घ काळात ही ओढ काय करते त्याचं उदाहरण २०११ ते २०१६ मध्ये आहे. सोनं १९२० च्या आसपासच्या शिखरावरून डिसेंबर २०१५ मध्ये १०५० च्या खाली गेलं, म्हणजे सुमारे पंचेचाळीस टक्के पडलं. त्याच उतारात खाण कंपन्यांचा ईटीएफ (अनेक शेअरांची टोपली, जी एका शेअरासारखी विकत घेता येते), जीडीएक्स, साठ डॉलरच्या वरून साडेबाराच्या खाली आला. ही ऐंशी टक्क्यांची पडझड. आणि मग जानेवारी २०१६ ते ऑगस्ट २०१६ या अवघ्या सात महिन्यांत तो तिथून अडीचपट झाला.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे आणि ती लोक विसरतात. सोन्याचा शेअर शेवटी शेअरच असतो. शेअर बाजारात घबराट सुटली, सगळ्यांना एकाच वेळी रोकड हवी झाली, की सोन्याचे शेअरही विकले जातात. "सोनं सुरक्षित, म्हणून सोन्याचा शेअर सुरक्षित" हा विचार अशा आठवड्यांत खात्याला मोठं भगदाड पाडतो. त्यावर पुढे सविस्तर येतोच.

तिसरी गोष्ट म्हणजे एकट्या कंपनीचा धोका. २४ ऑक्टोबर २०२४ ला सोनं विक्रमी भावाच्या जवळ होतं आणि त्याच दिवशी न्यूमाँट या मोठ्या सोने-खाण कंपनीचा शेअर जवळपास पंधरा टक्के पडला, कारण तिमाही निकालात खर्च वाढलेला दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयानं कोब्रे पनामा खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला. खाण फर्स्ट क्वांटमची, पण तिच्या उत्पादनात वाटा असलेल्या फ्रँको-नेवाडाच्या शेअरलाही मोठा फटका बसला. सोन्याच्या चार्टवर यातलं काहीही दिसत नाही. म्हणून रोजचा रोख ठरवताना मी आधी पूर्ण गटाकडे बघतो आणि मगच एखाद्या कंपनीकडे.

गटासाठी मोठ्या कंपन्यांचा जीडीएक्स २००६ पासून आहे, लहान कंपन्यांचा जीडीएक्सजे २००९ पासून. जुन्या चार्टसाठी सोन्याच्या खाण कंपन्यांचा एचयूआय निर्देशांक १९९६ पासूनचा मिळतो. त्यात दीड वर्षापलीकडचं उत्पादन आधीच ठरलेल्या भावानं विकून न ठेवणाऱ्या कंपन्या घेतात, म्हणून तो सोन्याच्या भावाला जास्त चिकटून चालतो. रोजच्या पानाला एक जीडीएक्स पुरतो.

दुसरा टप्पा : बाजार बंद झाल्यावरचे सात आकडे

पानाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. चार वाजता शेअर बाजार बंद झाला की मी सात आकडे हातानं लिहितो : एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; पुढे नुसतं "निर्देशांक" म्हटलं की हाच), न्यूयॉर्क शेअर बाजारात वाढलेल्या आणि घटलेल्या शेअरांची संख्या, व्हिक्स (शेअर बाजारातली घबराट मोजणारा आकडा), सोनं, जीडीएक्स, डॉलर निर्देशांक (इतर मोठ्या चलनांसमोर डॉलर किती भक्कम, ते) आणि महागाई वजा जाता दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर मिळणारं व्याज. हे शेवटचं व्याज टिप्स नावाच्या महागाईशी जोडलेल्या रोख्यांवरून थेट वाचता येतं. आकडे आपोआप भरणारा तक्ता बनवणं सोपं आहे, पण हातानं लिहिलं की आकडा डोक्यात बसतो. कालच्यापेक्षा काय वेगळं आहे ते लिहितानाच खटकतं.

इथे एक बारीक चूक बहुतेक जण करतात. कॉमेक्स या न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात सोन्याच्या वायद्याचा दिवसाचा अधिकृत भाव दुपारी दीडला ठरतो आणि जीडीएक्स चार वाजता बंद होतो. मधल्या अडीच तासांत सोनं वीस डॉलर हललं असेल तर तुमची तुलना खोटी पडते. "आज खाणींनी सोन्याला मागे टाकलं" असं तुम्ही लिहिता आणि प्रत्यक्षात दीडनंतर सोनंच वाढलेलं असतं. सोन्याचा भाव चार वाजताचा घ्या. रोज चार वाजताचाच.

या सातांखेरीज जीडीएक्सची रोजची सरासरी चाल लिहून ठेवा. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं एटीआर हे माप यासाठी उत्तम आहे. साधारण चौदा दिवसांत शेअर दिवसाला सरासरी किती हलला, आदल्या बंद भावापासून उघडतानाच पडलेली फट, म्हणजे गॅप, धरून, ते त्यात कळतं. जीडीएक्स ४० वर आहे आणि चाल १.२० आहे, म्हणजे तीन टक्के ही त्याची रोजची धाव झाली. मग सव्वा टक्क्याची घसरण ही बातमी उरत नाही, आणि तेवढ्याशा स्टॉपलॉसनं (ठरवलेल्या भावाला आपोआप विकण्याच्या सूचनेनं) तुम्ही बिनकारण बाहेर फेकले जाता.

तिसरा टप्पा : सकाळची पाहणी

सोन्याचा वायदा रविवारी संध्याकाळी सहापासून शुक्रवारी पाचपर्यंत चालतो, रोज एक तासाची सुट्टी सोडून. शेअरांचा नेहमीचा बाजार मात्र साडेनऊ ते चार. म्हणजे तुम्ही झोपलेले असताना सोन्यात जे घडलं ते सगळं साडेनऊला जीडीएक्समध्ये एका झटक्यात उमटतं. यामुळे सोन्याच्या शेअरात गॅप रोजचीच असते. सकाळी पहिला प्रश्न हाच : काल चारनंतर सोनं किती हललं आणि जीडीएक्स साधारण कुठे उघडेल?

दुसरा प्रश्न डॉलर आणि व्याजाचा. सोनं व्याज देत नाही. महागाई वजा जाता रोख्यांवर चांगलं व्याज मिळत असेल तर सोनं सांभाळणं महाग पडतं, आणि ते व्याज घसरलं की सोन्याला बळ येतं. पुस्तकात हे नातं घट्ट दिसतं. प्रत्यक्षात २०२२-२३ मध्ये हे खरं व्याज उण्यातून दोन टक्क्यांच्या वर गेलं आणि तरी सोनं त्या मानानं पडलं नाही. मध्यवर्ती बँकांनी २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून या नात्यावरून मी सोन्याचा "योग्य भाव" काढत बसत नाही. आजच्या दिवसापुरती दिशा बघतो : व्याज आणि डॉलर दोन्ही खाली आणि तरी सोनं वर जात नाही? मग आज खरेदीची घाई नको. दोन्ही वर आणि सोनं पडत नाही? मग कोणीतरी खालून उचलतंय.

तिसरा प्रश्न कॅलेंडरचा. महागाईचे आणि रोजगाराचे आकडे सकाळी साडेआठला येतात, म्हणजे बाजार उघडायच्या तासभर आधी. फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, बैठक वर्षातून आठ वेळा ठरलेली असते. निर्णय दुपारी दोनला आणि पत्रकार परिषद अडीचला. लंडनचा दुपारचा सोनेभाव तिथल्या तीन वाजताच्या लिलावात ठरतो, तो बहुतेक वर्षभर न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला येतो. साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात सोन्याच्या शेअरात जी उलथापालथ होते तिला दहानंतर अनेकदा वेगळंच वळण लागतं. मी हा अर्धा तास फक्त बघतो.

चौथा टप्पा : थोड्या रेघा, रुंद रेघा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. कालचा उच्चांक-नीचांक, गेल्या आठवड्याचा उच्चांक-नीचांक, ५० आणि २०० दिवसांची सरासरी आणि मागचं एखादं मोठं शिखर किंवा तळ. यातल्या आजच्या भावाच्या जवळच्या तीन-चार पातळ्या घ्या, बाकी पुसून टाका. चार्टवर पंधरा रेघा असल्या की भाव कुठेही थांबला तरी रेघेवरच थांबल्यासारखा दिसतो.

आणि रेघ एका आकड्याची मानू नका. रोजच्या चालीच्या पाव भागाइतका पट्टा धरा. जीडीएक्सची चाल १.२० असेल तर ३९ ची पातळी म्हणजे ३९.०० ते ३९.३०.

पाचवा टप्पा : कोण कोणाच्या पुढे चाललंय

पानाचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जीडीएक्सला सोन्याच्या भावानं भागा आणि ते गुणोत्तर रोज लिहा. आकडा किती आहे यापेक्षा तो कोणत्या बाजूला सरकतोय ते बघायचं.

सोनं वाढतंय आणि गुणोत्तरही वाढतंय, म्हणजे खाणींचे शेअर सोन्याच्या पुढे धावताहेत. खाणीच्या कमाईवर पैसे लावणाऱ्यांना हा भाव टिकेल असं वाटतंय. सोनं वाढतंय पण गुणोत्तर घसरतंय, तर शेअरवाल्यांना त्या भावावर भरवसा नाही. २०११ मध्ये हेच दिसलं. डिसेंबर २०१० मध्ये सोनं १४०० च्या थोडं वर असताना जीडीएक्सनं जे शिखर गाठलं होतं, सप्टेंबर २०११ मध्ये सोनं १९०० च्या वर जाऊनही जीडीएक्स त्या शिखराच्या जेमतेम वर पोचला. सोनं पाचशे डॉलर वर आणि खाणी जागच्या जागी. त्यानंतर काय झालं ते वर आलंच आहे.

हे गुणोत्तर वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात राहतं असं धरून चालू नका. एचयूआय आणि सोन्याचं गुणोत्तर २००३ च्या शेवटी ०.६ च्या वर होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये ०.१ च्या खाली. "आता स्वस्त झालंय, इथून वळणारच" असं म्हणत कितीतरी जण वाटेतच संपले. रोजच्या पानासाठी दहा-वीस दिवसांची दिशा पुरे. सलग तीन दिवस गुणोत्तर आणि सोनं एकमेकांविरुद्ध गेले की मी पानावर त्याच्याभोवती गोल करतो आणि त्या दिवशी नवा सौदा निम्म्या आकारानं करतो.

सहावा टप्पा : निर्देशांकाशी नातं आज कसलं आहे

इथे शेअर निर्देशांक आणि सोन्याचे शेअर एका पानावर का हवेत ते कळतं. बाजार साधारण वागत असेल तेव्हा जीडीएक्स सोन्याच्या मागे चालतो आणि निर्देशांकाचं त्याला फारसं देणंघेणं नसतं. घबराट सुटली की तो निर्देशांकाच्या मागे पडतो, आणि सोनं टिकून असलं तरी पडतो.

२००८ बघा. मार्चमध्ये सोनं हजार डॉलरच्या वर होतं. ऑक्टोबरमध्ये ते सातशेच्या आसपास आलं, साधारण एक तृतीयांश खाली. एचयूआय त्याच काळात सत्तर टक्के पडला. २०२० च्या मार्चमध्ये तोच प्रकार काही दिवसांत झाला : सोनं १७०० वरून १४५० पर्यंत गेलं आणि जीडीएक्स जवळपास निम्मा झाला.

पण या दोन्ही वेळांचा दुसरा भाग मला जास्त शिकवून गेला. २००८ मध्ये एचयूआयचा तळ ऑक्टोबरच्या शेवटी झाला आणि एस अँड पी ५०० चा तळ मार्च २००९ मध्ये. म्हणजे निर्देशांक चार महिने आणखी खाली जात असताना खाणींचे शेअर वर निघाले होते आणि फेब्रुवारीत सोनं पुन्हा हजारला टेकलं होतं. २०२० मध्ये जीडीएक्स १६ मार्चला तळाला होता आणि निर्देशांकाचा तळ २३ मार्चला. सक्तीची विक्री संपली की सोन्याचे शेअर आधी उठतात, असं या दोन घटनांत दिसलं. दोनच उदाहरणं आहेत, त्यावरून कायदा बनत नाही. तरीही निर्देशांक नवा नीचांक करतोय आणि जीडीएक्स करत नाही, असा दिवस दिसला की मी पानावर तो ठळक लिहितो.

रोजच्या रोज हे कसं ओळखायचं? गेल्या दहा दिवसांतले निर्देशांक पडलेले दिवस तेवढे वेगळे काढा आणि त्या दिवशी जीडीएक्सनं काय केलं ते बघा. बहुतेक वेळा तोही पडला असेल, व्हिक्स चढता असेल आणि घटणाऱ्या शेअरांची संख्या वाढणाऱ्यांच्या कितीतरी पट असेल, तर आज जीडीएक्स हा सोन्याचा शेअर नाही, नुसता शेअर आहे. त्या दिवशी सोन्याचा चार्ट कितीही देखणा असला तरी त्यावर विसंबून खरेदी नको.

सातवा टप्पा : पान लिहायला घ्या

आता एक पूर्ण पान दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

"निर्देशांक : ५० दिवसांच्या सरासरीच्या वर. पण तीन दिवस घटणारे शेअर वाढणाऱ्यांपेक्षा जास्त. रोख वरचा, दम कमी.
सोनं : गेल्या आठवड्याच्या उच्चांकाला टेकून परतलं. डॉलर स्थिर, खरं व्याज किंचित खाली.
जीडीएक्स : ४०.२०, चाल १.२०. गुणोत्तर चार दिवस चढतं.
एक. ३९.०० ते ३९.३० मध्ये आला आणि दहानंतर तो पट्टा टिकला, तर खरेदी. तुटली तर, म्हणजे ३८.५० खाली, बाहेर. आज पुन्हा नाही.
दोन. ४१.५० च्या वर उघडला तर मागे धावायचं नाही. दुपारपर्यंत ४१.५० वर टिकला तरच निम्म्या आकारानं खरेदी. तुटली तर, म्हणजे परत ४१ खाली, बाहेर.
तीन. निर्देशांक दीड टक्क्याहून जास्त खाली आणि जीडीएक्स त्याच्याबरोबर, तर एक आणि दोन दोन्ही रद्द.
साडेआठला महागाईचे आकडे. तोवर काही नाही."

बस, एवढंच. पानावर "मला वाटतं" कुठेही नाही, "तर" मात्र तिन्ही मुद्द्यांत आहे. तिसरा मुद्दा नीट बघा. सौदा कधी करायचा नाही हे लिहिलेलं पान सौदा कधी करायचा हे लिहिलेल्या पानाइतकंच कामाचं असतं, आणि नवशिक्याच्या वहीत नेमकं तेच नसतं. "इकडे किंवा तिकडे जाऊ शकेल" असली ओळही लिहू नका. ती नेहमीच खरी असते, म्हणून तिचा उपयोग शून्य.

आठवा टप्पा : आकार

वरच्या पहिल्या सौद्याचा हिशेब करू. खातं ५०,००० डॉलरचं, एका सौद्यात अर्धा टक्का म्हणजे २५० डॉलर गमवायची तयारी. खरेदी ३९.३०, बाहेर ३८.५०. शेअरमागे जोखीम ८० सेंट. २५० ला ०.८० नं भागलं की ३१२, म्हणजे तीनशे शेअर. त्यांची किंमत ११,७९० डॉलर, खात्याचा जवळपास चौथा हिस्सा.

दिवसाच्या आत हे ठीक आहे. रात्री मुक्काम करायचा असेल तर गणित बदलतं. समजा सोनं रात्री कोसळलं आणि जीडीएक्स सकाळी थेट ३६.५० ला उघडला. तुमचा ३८.५० चा स्टॉपलॉस ३६.५० च्या आसपासच लागेल. शेअरमागे २.८० गेले, तीनशेंवर ८४० डॉलर. ठरवलं होतं अर्धा टक्का, गेले जवळपास पावणेदोन टक्के. म्हणून चार वाजता मुक्कामाचा आकार निम्मा करा, आणि फेडच्या किंवा महागाईच्या आदल्या रात्री त्याहूनही कमी.

दुप्पट चालीच्या ईटीएफबद्दल एकच गोष्ट. त्यांचा हिशेब रोज नव्यानं सुरू होतो. गट १०० वरून दहा टक्के वाढून ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी दहा टक्के पडून ९९ वर आला, तर दुपटीचा ईटीएफ १०० वरून १२० आणि तिथून ९६ होतो. गटाचं नुकसान एक टक्का, तुमचं चार. सोन्याच्या शेअरांइतक्या उसळणाऱ्या गटात ही गळती फार जोरात होते. एका दिवसापलीकडे ते हातात ठेवू नका.

नववा टप्पा : बाजार चालू असताना आणि नंतर

बाजार चालू असताना पान समोर ठेवा आणि त्यात भर घालू नका. साडेअकराला सुचलेली नवी कल्पना उद्याच्या पानावर लिहा. हे पाळणं कठीण आहे, मला आजही जड जातं. पण चालू भावाकडे बघत लिहिलेलं वाक्य सकाळी लिहिलेल्या वाक्यापेक्षा वेगळं असतं, त्यात भीती किंवा हाव आधीच शिरलेली असते.

चारनंतर पानाच्या उजव्या कडेला तीन खुणा करा. रोख बरोबर होता का? पातळ्यांनी काम केलं का? आणि लिहिलं तसं मी वागलो का? या तिन्ही वेगळ्या ठेवा. रोख चुकला पण लिहिल्याप्रमाणे बाहेर पडलात, तर तिसरी खूण बरोबरची. रोख बरोबर होता, पैसेही मिळाले, पण पट्ट्याच्या कितीतरी वर धावत जाऊन घेतलं, तर तिसरी खूण चुकीची. साठ-सत्तर पानं झाली की तिसरा रकाना एकदा सलग वाचा. माझ्या वहीत असं दिसलं की रोखाच्या चुकांपेक्षा तिसऱ्या रकान्यातल्या चुकांनी जास्त पैसे नेले, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त साडेनऊ ते दहाच्या मधल्या होत्या. अर्धा तास नुसता बघायचा नियम तिथून आला.

शुक्रवारचं पान

शुक्रवारी पानावर दोन गोष्टी वाढतात. पहिली, साडेतीनला सीएफटीसीचा, म्हणजे वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, अहवाल येतो. सोन्याच्या वायद्यात मोठे सट्टेबाज किती खरेदीवर आहेत आणि किती विक्रीवर, ते त्यात असतं. आकडे मंगळवारचे असतात, म्हणजे तीन दिवस शिळे. त्यावरून सोमवारचा सौदा ठरवू नका. खरेदी वर्षभरातल्या टोकाला पोचली असेल तर एवढंच लिहा की बोटीच्या एका बाजूला गर्दी आहे, आणि पुढच्या आठवड्यात खरेदीचा आकार कमी ठेवा.

दुसरी गोष्ट सुट्टीची. रविवारी संध्याकाळी सहाला सोन्याचा वायदा उघडतो आणि शेअरांचा नेहमीचा बाजार सोमवारी साडेनऊपर्यंत बंद असतो. साडेपंधरा तास नुसतं बघत बसायचं. म्हणून शुक्रवारी साडेतीनला मी सोन्याची सगळ्यात जवळची खालची पातळी लिहितो, तिच्यापुढे "रविवारी रात्री तुटली तर" असं लिहितो, आणि तसं झालं तर सोमवारी उघडताना होणारं नुकसान डॉलरमध्ये मांडतो. तो आकडा बघून पोटात गोळा आला, तर चार वाजायच्या आत निम्मे शेअर विकतो.